माझं मत ‘नको’, तरीही मतदान हवं

वेगळ्या विदर्भावर जनमत घ्या, असं म्हणणाऱ्यांना मी आयुष्यभर एकच उत्तर देत आलो: निवडणुका होतात ना, तेच जनमत. राज्यशास्त्र शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. त्यामुळे हे उत्तर मी वर्गात दिलं, चहाच्या टपरीवर दिलं आणि गोंदियाहून नागपूरला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये उभ्या उभ्याही दिलं. आज ते उत्तर मला पुरत नाही. वेगळा विदर्भ व्हावा असं मला काल वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. बदललं ते एवढंच, की हा प्रश्न लोकांना थेट विचारावा असं आता मला वाटतं. विदर्भवाद्यानं हे म्हटलं तर त्यात नवल नाही. विरोधात मत देणाऱ्यानंही ते म्हणावं, म्हणून हे मनोगत.

माझं जुनं मत कशावर उभं होतं ते आधी सांगतो. ते हवेतलं नव्हतं.

पहिला आधार राज्यघटनेचा. अनुच्छेद ३ प्रमाणे नवं राज्य करणं, सीमा बदलणं, राज्याचं नाव बदलणं हे सगळं संसदेच्या हातात आहे. राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि संबंधित राज्याच्या विधानसभेचं म्हणणं मागवावं लागतं. पण ते म्हणणं ऐकलंच पाहिजे असं नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेनं विभाजनाचं विधेयक फेटाळलं, फेब्रुवारीत संसदेनं ते मंजूर केलं आणि २ जून २०१४ रोजी तेलंगणा अस्तित्वात आलं. अनुच्छेद ४ तर असंही सांगतो, की असा कायदा घटनादुरुस्ती मानायचा नाही. साध्या बहुमतानं काम भागतं. मी पोरांना म्हणायचो, घटनाकारांनी हे मुद्दाम केलं. राज्यांच्या सीमा भावनेच्या लाटेवर सोडायच्या नव्हत्या.

आणि याची उदाहरणं आमच्या डोळ्यांपुढेही होती. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्हा फोडून गोंदिया जिल्हा झाला. मतदान झालं नाही, कुणी रडलंही नाही. दीड वर्षानं, १ नोव्हेंबर २००० रोजी, देवरीच्या पलीकडचा मुलूख मध्य प्रदेशातून निघून छत्तीसगडमध्ये गेला. तिथंही कुणी मतपेटी ठेवली नव्हती. तेव्हा मी म्हणायचो, बघा, चांगल्या सीमा अशाच होतात.

दुसरा आधार परदेशचा. आपल्या राज्यांना स्वतःची घटना नाही. जम्मू-काश्मीरला होती, तीही २०१९ मध्ये संपली. अमेरिकेत मात्र प्रत्येक घटकराज्याची घटना वेगळी, आणि एक डेलावेअर सोडलं तर बाकीच्या ४९ राज्यांत घटनादुरुस्ती मतदारांपुढे न्यावीच लागते. निवडणुकीच्या दिवशी मतदार राज्यपाल निवडतो आणि त्याच मतपत्रिकेवर दुरुस्त्यांना हो की नाही तेही सांगतो. ऐकायला हे फार लोकशाहीचं वाटतं. मग मी वर्गात अलाबामाचं उदाहरण काढायचो. तिथल्या १९०१ च्या घटनेला नऊशेहून जास्त दुरुस्त्या जोडल्या गेल्या. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी घालणारं कलम तिथं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा बंद्या १९६७ मध्येच निकाली काढल्या होत्या, तरी ते कलम कागदावर राहिलं. २००० साली ते काढून टाकण्यासाठी मतदान झालं, तेव्हा सुमारे चाळीस टक्के मतदारांनी ‘राहू द्या’ म्हटलं. हा आकडा सांगितला की वर्ग गप्प व्हायचा. मला तेच हवं असायचं.

तिसरा आधार घरचा होता आणि सगळ्यांत खोल होता. १९५४ ची भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर उभे होते आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. ज्यांनी देशाची घटना लिहिली, त्यांना आमच्या मुलखानं लोकसभेत पाठवलं नाही. आमच्या पिढीनं हे घराघरांतून ऐकलं. ज्या मतदारानं तेव्हा असं केलं, त्याच्या हातात सीमेचा प्रश्न द्यायचा? हा सवाल मी पुष्कळदा केला. त्यात मतदाराबद्दल अढी होती, हे तेव्हा मला जाणवत नव्हतं असं नाही. मी तिला अभ्यासाचं नाव देत होतो.

चौथा आधार गोव्याचा, आणि तो मराठी माणूस म्हणून. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष महाराष्ट्रात विलीनीकरणाचा जाहीरनामा घेऊन सत्तेवर आला, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विधानसभेत बहुमत होतं. मग वेगळ्या मतदानाची गरज काय होती? जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षानं ती मागणी लावून धरली, दिल्लीनं मान्य केली आणि १६ जानेवारी १९६७ रोजी कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकानं गोवा महाराष्ट्रात आला नाही. निवडणुकीत जिंकलेली गोष्ट जनमतात घालवली, असं आमच्याकडचे जुने लोक म्हणत आणि मीही तेच म्हणत असे.

या चार खांबांवर माझं मत उभं होतं. ते पहिल्यांदा हललं एका लहानशा गावात.

निवृत्तीनंतर जिल्ह्यातल्या एका गावी नात्यातल्या कामासाठी गेलो होतो. त्या दिवशी तिथं दारूच्या दुकानावर मतदान होतं. आपल्या राज्यात ही सोय आहे: गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की प्रशासनाला गुप्त मतदान घ्यावं लागतं. उभी बाटली की आडवी बाटली, एवढाच प्रश्न. पण अट कडक आहे. झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद. त्या गावात आलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, पण यादीचा निम्मा आकडा थोडक्यात हुकला. रोवणीला, मजुरीला, लेकीच्या गावी गेलेल्या बायका आल्याच नव्हत्या. दुकान राहिलं.

मला वाटलं, आता बोंबाबोंब होईल. पुढाकार घेणाऱ्या आजीबाईंना मी म्हटलं, एवढी मेहनत वाया गेली. त्या म्हणाल्या, “हारलो तं हारलो गुरुजी. पन आमाले इचारलं तं खरं! आमदाराच्या इलेक्शनमंदी दारूचं बटन रायते का?”

नाही राहत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण जे मी पुस्तकातल्या भाषेत टाळत आलो होतो, ते या बाईनं एका वाक्यात माझ्यापुढे ठेवलं. आमदाराला दिलेलं मत म्हणजे पूर्ण थाळी असते. त्यातली एक भाजी आवडली की नाही, हे रिकाम्या ताटावरून सांगता येत नाही. उमेदवाराची जात, त्याचा स्वभाव, रस्ता, धानाचा बोनस, पक्ष, वरचा नेता, सगळं त्यात येतं. त्यातून विदर्भाचं मत निवडून काढायचं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

घरी येऊन मी गोव्याची जुनी टिपणं पुन्हा वाचली. या खेपेला नजर दुसरीकडे गेली. कौल झाला जानेवारी १९६७ मध्ये. दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. ज्यांनी विलीनीकरण नाकारलं, त्याच गोव्यानं विलीनीकरणवाद्यांच्याच पक्षाला तीसपैकी सोळा जागा दिल्या आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. हे मला आधीपासून ठाऊक होतं. त्याचा अर्थ मी लावला नव्हता. मतदाराला दोन प्रश्न वेगवेगळे विचारले, तर तो दोन वेगळी उत्तरं देतो. बांदोडकर हवेत, कारण त्यांनी खेड्यात शाळा नेल्या, कुळांच्या बाजूनं ते बोलले. विलीनीकरण मात्र नको. निवडणुकीलाच जनमत मानलं असतं, तर गोव्यानं नको म्हटलेली गोष्ट गोव्याच्या नावानं झाली असती. मग मी ज्याला घालवलेली गोष्ट म्हणत होतो, ती मुळात मराठीपणानं जिंकलेली होती का?

आणखी एक. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत विलीनीकरणाचा जोर मोठा होता. तिथले लोक हरले. पण निकाल मोजून आला होता, म्हणून तो पचला. गोव्यात पुढे भाषेवरून वाद झाला, आंदोलनं झाली, पण महाराष्ट्रात जायचं की नाही हा प्रश्न पुन्हा तितक्या जोरानं उभा राहिला नाही. विदर्भाचा प्रश्न मात्र सत्तर वर्षं तसाच लोंबकळतो आहे.

तो का लोंबकळतो, हे आमच्याकडचा इतिहास पाहिला की दिसतं. प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणीतरी ठरवलं. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार नेत्यांनी केला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य करा असं सांगितलं, ते आयोगानं सांगितलं. बाबासाहेबांनीही त्याच वर्षी मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली होती. संसदेनं आयोगाची ती शिफारस बाजूला ठेवून १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडला, ते संसदेनं ठरवलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पुढे अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ आलं आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली, तेव्हाही आम्हाला कुणी विचारलं नाही. न विचारता दिलेलं न विचारता गेलं.

यातले काही निर्णय मला पटतात. विदर्भ महाराष्ट्रात आला हे मला बरंच वाटतं. पण ‘बरं झालं’ आणि ‘आम्ही म्हटलं म्हणून झालं’ यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात सत्तर वर्षं राजकारण चाललंय. १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे विदर्भाच्या मुद्द्यावर नागपुरातून अपक्ष निवडून गेले, १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे गेले. १९९७ मध्ये भुवनेश्वरला भारतीय जनता पक्षानं वेगळ्या विदर्भाचा ठराव केला; २००० साली त्यांच्याच केंद्र सरकारनं तीन नवी राज्यं केली, विदर्भ त्यांत नव्हता. काँग्रेसचे इथले पुढारी सत्ता गेली की विदर्भवादी होतात आणि सत्ता आली की महाराष्ट्रवादी. मी म्हणायचो, निवडणूकच जनमत. पण निवडणुकीत या प्रश्नाचं उत्तर देणं कुठल्याच पक्षाच्या सोयीचं नाही. प्रश्न सुटला, तर पुढच्या वेळी भाषण कशावर करायचं?

विदर्भवाद्यांनी मग स्वतःच मतपेट्या ठेवल्या. २०१३-१४ च्या सुमारास जनमंच या संघटनेनं विदर्भातल्या शहरांत मतदान घेतलं आणि कौल प्रचंड बहुमतानं वेगळ्या राज्याच्या बाजूनं आला. तेव्हा मी हसलो होतो. मागणारेच मोजणारे, मग दुसरं काय येणार? ती टीका आजही मला योग्य वाटते. मतदार यादी नाही, विरोधी बाजूचा प्रचार नाही, खेड्यापर्यंत पोचण्याची यंत्रणा नाही. पण त्या टीकेतून जे पुढे येतं ते मी तेव्हा म्हटलं नाही: खाजगी मतदान विश्वासार्ह नसेल, तर निवडणूक आयोगानं घेतलेलं मतदान मागायला हवं.

आमच्या आमगावचा किस्सा तर ताजा आहे. नगर परिषदेच्या दर्जावरून आणि हद्दीवरून सुरू झालेला वाद वर्षानुवर्षं न्यायालयात अडकला. तोवर आठ गावांत धड ग्रामपंचायत नाही आणि निवडून आलेली नगर परिषदही नाही, अशी स्थिती. २०२२ च्या अखेरीस, कर्नाटक सीमेवरची गावं कर्नाटकात जायची भाषा बोलू लागली तेव्हा, या गावांनीही मागणी केली: आम्हाला मध्य प्रदेशात जाऊ द्या. बातमी राज्यभर गेली. मी तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, त्यांना सीमेपलीकडच्या बालाघाटचं आकर्षण नव्हतं. ज्या कारभारावर आपलं मत चालत नाही तो नकोसा झाला, म्हणून राज्य सोडायची भाषा आली. मतपेटीतून बोलता येत नाही तेव्हा माणूस सीमेकडे बोट दाखवतो. त्या गावांना मध्य प्रदेश नको होता, मतदान हवं होतं.

आता जुन्या आक्षेपांचं काय? ते मी टाकून दिलेले नाहीत. त्यांचा उपयोग बदलला. पूर्वी ते मतदान न घेण्याचं कारण होते, आज ते मतदान कसं घ्यावं याच्या अटी आहेत.

पहिली अट: कुणाच्या हक्कावर मतदान नको. अलाबामाचे ते चाळीस टक्के मी विसरलेलो नाही. कुणी कुणाशी लग्न करावं, कुणी कोणत्या देवाला हात जोडावे, आरक्षण असावं की नसावं, हे बहुमतानं ठरवायचे विषय नाहीत. सीमा, राजधानी, राज्याची रचना हे मात्र सगळ्यांचे सारखे विषय आहेत. तिथं मत विचारता येतं.

दुसरी अट: साधं बहुमत पुरेसं नको. ब्रिटननं २०१६ मध्ये ५१.९ टक्क्यांवर युरोपीय संघ सोडायचं ठरवलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याच भांडणात घालवली. फ्लोरिडानं २००६ मध्ये घटनादुरुस्तीला ६० टक्के मतं लागतील असं ठरवलं. गंमत अशी, की ती दुरुस्तीच ५८ टक्क्यांच्या आत मंजूर झाली होती! २०२४ मध्ये तिथं गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती ५७ टक्के मतं मिळवूनही पडली. आपल्याकडेही असा विचार झाला आहे. आणीबाणीनंतर जनता सरकारनं १९७८ मध्ये घटनादुरुस्ती विधेयक आणलं. घटनेच्या गाभ्याला हात घालणारा बदल जनमतानंच व्हावा आणि त्या जनमतात किमान ५१ टक्के मतदारांनी भाग घेतलेला असावा, अशी त्यात तरतूद होती. राज्यसभेनं ती गाळली. माझ्या मते विदर्भासाठी दोन्ही हव्यात: यादीतल्या निम्म्याहून जास्त मतदारांचं मतदान आणि झालेल्या मतदानात ६० टक्के. जे राज्य ६० टक्के लोकांनाही हवं नसेल, ते जन्मतःच भांडत राहील.

तिसरी अट: मतपत्रिकेवर दोनच चिन्हं नकोत. गोव्याच्या मतदारापुढे महाराष्ट्र किंवा केंद्रशासित, असे दोनच पर्याय होते. स्वतंत्र राज्य हा पर्याय नव्हता, आणि तो यायला ३० मे १९८७ उजाडला. विदर्भाच्या मतपत्रिकेवर तीन पर्याय असावेत: आहे तसं महाराष्ट्रात राहणं, वेगळं राज्य, आणि महाराष्ट्रातच राहून पैशाचे खरे अधिकार असलेलं, मुदत न संपणारं विभागीय मंडळ. माझा अंदाज आहे की आमच्या धानपट्ट्यातली पुष्कळ मतं तिसऱ्याकडे जातील. कुणालाच ६० टक्के मिळाले नाहीत, तर आहे ते चालू राहील, पण आकडे सगळ्यांसमोर असतील.

चौथी अट: जिल्हावार मोजणी. नागपूर म्हणजे विदर्भ नव्हे. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीचं उत्तर बुलडाण्याहून वेगळं असू शकतं, आणि ते दिसलं पाहिजे. आमच्या जिल्ह्यात मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी बोलणारी घरं आहेत. सालेकसा-देवरीकडच्या गोंड पाड्याला मुंबई लांब तशी नागपूरही लांबच आहे.

पाचवी अट वेळेची. विधानसभेच्या निवडणुकीच्या दिवशी हे मतदान नको, नाही तर पुन्हा तीच थाळी होईल.

हे सगळं घटनेत बसतं का, असं माझा एक जुना विद्यार्थी, आता विदर्भवादी कार्यकर्ता, मला विचारत होता. मी म्हटलं, अनुच्छेद ३ आहे तसाच राहू दे. अंतिम अधिकार संसदेचाच. पण गोव्यासाठी संसदेनं १९६६ मध्ये ओपिनियन पोलचा कायदा केला. १९७५ मध्ये सिक्कीमनं विलीनीकरणावर मतदान घेतलं आणि त्यानंतर संसदेनं घटनादुरुस्ती केली. कौल सल्ला म्हणूनच घ्या. संसद त्याच्या विरोधात जाऊ शकेल, पण मग तिला कारण सांगावं लागेल. तो म्हणाला, “सर, पण तुम्ही आमच्याकडून मत देणार ना?”

नाही. मी ‘नको’ म्हणणार आहे, आणि त्याची कारणंही सांगतो. राज्याचा मोठा महसूल मुंबई-पुणे पट्ट्यातून येतो. ती तिजोरी सोडून आम्ही काय कमावणार, याचा हिशेब मला अजून कुणी पटवून दिलेला नाही. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे हे खरं, पण वीज तयार होण्यानं तिजोरी आपोआप भरत नाही. विदर्भवादी सीमेपलीकडे बोट दाखवतात: छत्तीसगडमध्ये धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये मिळतात. आमच्या कास्तकाराला हे पाठ आहे आणि ते दुखणं खरं आहे. पण छत्तीसगडच्या पोटात कोळसा आणि लोखंड आहे. आमच्याकडेही चंद्रपूर-वणीचा कोळसा आहे, म्हणून हा वाद संपलेला नाही, हे मी मानतो. शिवाय नवी राजधानी नागपूर झाली, की गोंदिया तिचं कोपऱ्यातलं गाव होईल. आज मुंबईबद्दल जी तक्रार आहे ती उद्या नागपूरबद्दल असेल. आमच्या स्टेशनातून विदर्भ एक्स्प्रेसही सुटते आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसही. मला दोन्हींची सवय आहे.

“मग हरलात तर?” त्यानं विचारलं. हरलो तर नव्या राज्याचा कर भरीन आणि त्याच्या विधानसभेला मत देईन. आजवर हे म्हणायची तयारी माझी नव्हती. विरोधकाला मतदान नको असतं ते बहुतेक वेळा याच कारणानं: तत्त्व पुढे करायचं आणि हरण्याची भीती मागे ठेवायची. माझंही काही अंशी तसंच होतं. मतदाराला समज नाही, असं मी म्हणत होतो. तो आपल्या बाजूनं मत देणार नाही, ही भीती त्याखाली होती. पण १९५४ च्या मतदाराचं उदाहरण द्यायचं, तर ते पूर्ण द्यावं. बाबासाहेब ती निवडणूक हरले, पण प्रौढ मताधिकाराच्या विरोधात ते गेले नाहीत. प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताचं मोल सारखं, हे तत्त्व त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या पराभवाचा दाखला देऊन मी मतदारावर अविश्वास दाखवावा, हे त्यांच्याच विचाराशी जुळत नव्हतं.

नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात विधिमंडळ नागपूरला येतं. तिथं विदर्भावर भाषणं होतात, घोषणा होतात, पायऱ्यांवर फलक धरून फोटो निघतात आणि अधिवेशन संपतं. विदर्भातून २८८ पैकी ६२ आमदार जातात. त्यांत आमच्या जिल्ह्याचे चार: गोंदिया, तिरोडा, आमगाव आणि अर्जुनी-मोरगावचे. माझी त्या चौघांना विनंती आहे. तुम्ही कोणत्याही पक्षाचे असा, विदर्भाच्या बाजूचे असा की विरोधातले. पुढच्या हिवाळी अधिवेशनात एकच अशासकीय ठराव मांडा. अकरा जिल्ह्यांतल्या मतदारांचा कौल निवडणूक आयोगामार्फत घेण्यासाठी संसदेनं कायदा करावा, अशी शिफारस ही विधानसभा करते. बस, एवढंच. ठराव पडला तरी चालेल. कुणी हात वर केला आणि कुणी खाली ठेवला, ते नोंदीत राहील. ठराव पास झाला आणि मतदान झालं, तर मी सकाळीच रांगेत उभा राहीन, वेगळ्या राज्याला ‘नको’ म्हणणारा शिक्का मारीन आणि निकाल जो लागेल तो मान्य करीन.